मनगटावरची शिल्लक

विसाव्या फेरीला घड्याळ विझलं. क्रीडा संकुलाच्या मैदानाची एक फेरी आम्ही ४०० मीटरची धरतो, म्हणजे आठ किलोमीटर झाले होते. आयुष्यात पहिल्यांदा दहा पुरे करायचे म्हणून मी त्या संध्याकाळी उतरलो होतो. मनगट वर केलं तर काच काळी. बटण दाबलं, एक लाल रेघ चमकली आणि पुन्हा अंधार. शेजारून पोलीस भरतीची पोरं पळत होती. त्यातल्या एकानं विचारलं, "काका, थांबलाव कामून?" मी म्हणालो, घड्याळ गेलं. "मग काय झालं? पळा की. फेऱ्या मी मोजतो."

त्यानं खरंच मोजल्या. राहिलेल्या पाचही फेऱ्या मी पुऱ्या केल्या, पण चालत. फेऱ्या कुणीही मोजून देईल, माझी नाडी कोण मोजून देणार? मी ५२ वर्षांचा आहे. वडील ५८व्या वर्षी हृदयविकारानं गेले. मला रक्तदाबाची गोळी चालू होऊन चार वर्षं झाली. डॉक्टरांनी पळायला परवानगी दिली ती एका अटीवर, नाडी १५०च्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणून लेकीनं पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून नाडी मोजणारं हे स्मार्ट घड्याळ घेऊन दिलं. दिवसभर ते बंद पडलं तरी माझं काही अडत नाही. संध्याकाळचा तो एक तास मात्र ते जागं पाहिजे. आणि नेमकं त्याच तासाला बॅटरी संपून ते झोपत होतं.

ऑक्टोबर महिना होता. लातूरच्या मार्केट यार्डात काम करणाऱ्याला ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सोयाबीन निघालेलं, पहाटेपासून टेम्पो-ट्रॅक्टरच्या रांगा, यार्डभर कट्ट्यांच्या थप्प्या, आणि दुपारी सौदा झाला की वजनं, काटापट्ट्या म्हणजे वजनाच्या चिठ्ठ्या, आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या म्हणजे हिशेबाची बिलं करता करता दिवे लागतात. तीस वर्षं मी एका आडतीवर, म्हणजे शेतमाल विकून देणाऱ्या पेढीवर, मुनीम आहे. रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही या शिस्तीत माझं सगळं आयुष्य गेलं. सकाळी साडेपाचला १०० टक्के असलेली बॅटरी संध्याकाळी साडेसातला मैदानावर पोचेपर्यंत पंधरा-सोळावर यायची. मधले चौऱ्याऐंशी टक्के कुठं गेले, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आणि असली विचारणा मला झोपू देत नाही.

त्या रात्री एका जुन्या रोकडवहीची मागची कोरी पानं काढली आणि रकाने पाडले. तारीख, वेळ, टक्के, शेरा. दर दोन तासांनी नोंद करायची, बाकी काही बदलायचं नाही. आधी खर्च कळू दे, मग कात्री.

रविवारी यार्ड बंद असतो. त्या दिवशी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या वेळेत खर्च पडला ३१ टक्के. मंगळवारी त्याच वेळेत ७४. घड्याळ तेच, मनगट तेच, तास तितकेच. म्हणजे दोष बॅटरीत नव्हता. यार्डात माझ्या हातून असं काहीतरी होत होतं जे घरी होत नव्हतं.

ते काय, हे बुधवारी दुपारी दिसलं. मी गादीवर बसून एका शेतकऱ्याची पट्टी करत होतो. उजव्या हातानं लिहायचं, डाव्या हातानं काटापट्ट्या उलटायच्या. एक काटापट्टी उलटली, घड्याळ उजळलं. दुसरी उलटली, पुन्हा उजळलं. फोन कानाला लावला, उजळलं. कुणी नमुना आणला, मूठभर सोयाबीन तळहातावर घेऊन उजेडाकडं धरलं, दाणे बोटांतून खाली सोडले, तेवढ्यात दोनदा उजळलं. एका शेतकऱ्याच्या हिशेबात मी मोजलं, अकरा वेळा. आणि सीझनच्या दिवशी किती शेतकऱ्यांच्या पट्ट्या होतात! घड्याळाच्या आत हालचाल ओळखणारं एक इवलंसं यंत्र असतं. मनगट वर वळलं की माणूस वेळ बघतोय असं ते समजतं आणि पडदा पेटवतं. त्याची समज चुकीची नाही, ऑफिसात टेबलावर हात ठेवून बसणाऱ्या माणसाला ती बरोबर लागू पडते. आमचं काम मात्र सगळं मनगटाचं आहे.

त्यात भर उन्हाची. आडतीच्या ओट्यावर सकाळी ऊन थेट येतं. बाहेर लख्ख असलं की पडदाही तितकाच लख्ख होतो, नाहीतर आकडे दिसणार नाहीत. म्हणजे दिवसातून शेकडो वेळा, नको असताना, तेही पूर्ण तेजानं.

त्याच संध्याकाळी 'मनगट उचलल्यावर जाग' बंद केलं आणि 'बोटानं टिचकी मारल्यावर जाग' चालू ठेवलं. पडदा कायम मंद पेटता ठेवायची जी सोय असते, तीही बंद. दुसऱ्या दिवशी त्याच कामाला, त्याच वेळेत ५१ टक्के खर्च. एवढ्या बदलानं तेवीस टक्के वाचले. अशी नोंद करताना जो आनंद होतो तो हिशेबाच्या माणसालाच कळावा.

पुढची गोष्ट जिवावर आली. घड्याळाच्या तबकडीवर मी लेकीचा फोटो ठेवला होता, पदवीदान समारंभातला, मागं पांढरी भिंत. फोनवर तिला वहीतले आकडे वाचून दाखवले तेव्हा तिनंच सांगितलं, "पप्पा, तो फोटो काढा आधी." मला वाटलं ती लाजतीय. मग तिनं नीट समजावलं. या पडद्याला ओएलईडी म्हणतात. त्यातला प्रत्येक ठिपका स्वतःच्या प्रकाशानं पेटतो, मागं वेगळा दिवा नसतो. काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, त्याला वीज लागत नाही. पांढरी भिंत दाखवायची तर तिथले सगळे ठिपके पेटवावे लागतात, आणि पांढऱ्यासाठी तर लाल, हिरवा, निळा तिन्ही. "फोटो फोनवर ठेवा. घड्याळावर आकडे राहू द्या." आता काळ्या तबकडीवर वेळ, तारीख आणि उरलेले टक्के, एवढंच आहे. सेकंद काटाही नाही, कारण तो हलता ठेवायला पडदा सारखा नव्यानं रंगवावा लागतो. फोटो फोनवर आहे. पहिले काही दिवस मनगट रिकामं वाटलं, हे खरं.

मग बाजारभावाचे ग्रुप. लातूर, अकोला, इंदूर, कुठला तेलाचा प्लांट किती भाव देतोय, हे सगळं दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर वाहत असतं आणि प्रत्येक निरोपाला घड्याळ थरथरायचं. ती थरथर म्हणजे आत एक छोटी मोटर खरोखर हलते. सोबत पडदा पेटतो, ब्लूटूथही बोलतं. भाव मला फोनवर बघायचेच असतात, मग मनगटाला त्रास कशाला? फोन कॉल आणि घरचे निरोप तेवढे ठेवले.

सगळं बंद करा, बॅटरी चार दिवस जाईल, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मला तो सल्ला पटत नाही. वडिलांचं एचएमटी अजून माझ्या कपाटात आहे. एचएमटीनं जपानच्या सिटिझनबरोबर बंगळुरात १९६१ साली घड्याळं करायला सुरुवात केली, त्या घराण्यातलं. वडील रोज सकाळी देवपूजा झाली की उभ्यानं त्याला चावी द्यायचे, शेवटच्या दोन पिळांना बोटं हळू करायचे, आणि दिवसभर ते बिनतक्रार चालायचं. नुसती वेळच बघायची तर ते काय वाईट आहे? मी हे नवं घड्याळ घालतो ते नाडीसाठी. म्हणून खर्च कापताना आधी कशाला हात लावायचा नाही ते ठरवावं लागतं. मी ठरवलं, व्यायामाच्या वेळची नाडी अखंड हवी. दिवसभराची दर दहा मिनिटांनी चालेल. बाकी मग कात्रीखाली आलं.

नाडी कशी मोजली जाते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. घड्याळ रात्री अंधारात काढून उलटं धरलं तर पाठीवर हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त जास्त येतं, परत येणारा प्रकाश कमी होतो. ठोक्यांच्या मध्ये उलटं. ही चढउतार मोजायची. रक्तातला ऑक्सिजन मोजायला लाल आणि अवरक्त, असे वेगळे दिवे. माझं घड्याळ अधूनमधून ऑक्सिजनही मोजत होतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुम्हाला त्याची गरज नाही. बंद केला. ताणतणाव मोजायचं एक होतं, तेही बंद केलं. सीझनमध्ये ताण किती आहे ते मला माहीत असतं.

सर्वांत मोठा धडा मात्र मैदानावरच मिळाला. धाव सुरू केली की घड्याळ जीपीएस लावतं, म्हणजे २०,००० किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे अगदी क्षीण संदेश सतत ऐकत राहतं आणि त्यावरून जागा काढतं. त्या तासाला नाडी अखंड, जीपीएस अखंड आणि मी दर फेरीला बघतो म्हणून पडदा. त्या पंधरा-सोळा टक्क्यांचा फडशा तिथं पडत होता. आणि गंमत अशी की गोल मैदानावर जीपीएस तसा कामाचाही नाही. वळणावर तो कोपरे कापतो, कधी बाहेर जातो, पंचवीस फेऱ्यांत आकडा घसरतो. मोजलेल्या मैदानावर फेऱ्या मोजाव्यात, हे त्या भरतीच्या पोराला माझ्या आधी कळलं होतं. आता मैदानावर मी 'घरातली धाव' हा प्रकार निवडतो. त्यात उपग्रह बंद राहतात, नाडी चालू राहते. रविवारी औसा रोडनं लांब जातो तेव्हाच जीपीएस लावतो, तोही साधा. दोन-दोन लहरींवर ऐकणारा अचूक प्रकार मुंबईच्या उंच इमारतींच्या गल्लीत लागत असेल, इथं डोक्यावर मोकळं आभाळ आहे. निघताना फोन जवळ धरून घड्याळ एकदा जुळवून घेतो आणि उघड्यावर मिनिटभर उभा राहतो. उपग्रह कुठं आहेत हे आधीच हाती आलेलं असलं की त्याला ते शोधत बसावं लागत नाही.

इथवर सगळं वहीत होतं. पण दिवसाच्या मध्यावर आपण बरोबर चाललोय की जास्त खर्च होतोय, हे कळायचं कसं? संध्याकाळी कळून उपयोग काय?

त्याचं उत्तर गच्चीवर होतं.

आमच्या गच्चीवर एक निळं प्लास्टिकचं टिपाड आहे, २०० लिटरचं. २०१६ साली ते खाली मोरीशेजारी होतं. त्या वर्षी मांजरा धरण कोरडं पडलं, मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. देशभरात त्या गाडीचे फोटो छापले गेले. आमच्या घरात त्या दिवसांचा फोटो नाही, हे टिपाड आहे. त्याच्या आतल्या बाजूला आईनं खिळा तापवून आडव्या रेघा ओढल्यात. टँकरची पाळी आठ दिवसांनी यायची, म्हणून आठ रेघा. आज रात्री निजायच्या आधी पाणी या रेघेच्या खाली जाता कामा नये. पहिल्या दिवशी मी हट्टानं दोन तांबे जास्त घेतले तेव्हा ती काही बोलली नाही. माझा हात धरून टिपाडाशी नेलं आणि रेघ दाखवली. पाणी रेघेच्या बोटभर खाली होतं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःची आंघोळ केली नाही.

रेघा सारख्या अंतरावर नाहीत, हे मला त्या वेळी लक्षात आलं नव्हतं. ऑक्टोबरमधल्या त्या आठवड्यात गच्चीवर गेलो, टिपाडात वाकून पाहिलं तेव्हा दिसलं. वरच्या दोन रेघांमध्ये अंतर जास्त आहे, कारण पाणी आलं त्या दिवशी धुणं असायचं. मधल्या रेघा जवळजवळ. आणि सर्वांत खालची रेघ तळापासून चांगली वीतभर वर. आईला विचारलं, खाली एवढं का सोडलंस? ती म्हणाली, "टँकर कवा वेळेवर आलता का?"

मी घड्याळाला तशाच रेघा मारल्या. सकाळी नऊला ९० हवेत. सौदा सुटला की ७५. चार वाजता ६०. सातला, मैदानावर निघताना, ४० च्या खाली नाही. चारच्या रेघेखाली असेन तर बचत मोड लावायचा आणि मैदानावर काढायचा. फोन गल्ल्यात ठेवून पलीकडच्या शेडमध्ये जायची सवय होती, तीही मोडली, कारण फोनपासून लांब गेलं की घड्याळ त्याला पुन्हा पुन्हा हाका मारत राहतं. फोन खिशात असला की दुपारची रेघ सहज सांभाळली जाते.

खालच्या वीतभर पाण्याचं म्हणाल तर बॅटरीलाही ते असतं. मराठवाड्यातला माणूस पेपर उघडला की आधी धरणांचे टक्के बघतो, आणि ते टक्के उपयुक्त साठ्याचे असतात हे त्याला ठाऊक असतं. जायकवाडीची एकूण क्षमता १०२ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, त्यातले सव्वीसेक टीएमसी मृत साठा. पेपरात शून्य छापून आलं तरी नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी दिसतं. लिथियमच्या बॅटरीचं तसंच. पडद्यावर शून्य येतं तेव्हा आत थोडी वीज असते, पण ती काढली तर बॅटरीलाच इजा होते, म्हणून घड्याळ आधीच दार लावून घेतं. आणि धरणात जसा गाळ साठत जातो तशी बॅटरीही वर्षागणिक कमी धरते. आज मारलेल्या रेघा दोन वर्षांनी पुन्हा माराव्या लागतील.

भरायचं कसं, यावर थोडं. आधी मी रात्रभर चार्जरवर ठेवायचो. आता झोपेतही हातात असतं, कारण झोपेतली नाडी डॉक्टर बघतात. सकाळी आंघोळ, पूजा, नाश्ता यात पाऊण तास मिळतो, तेवढ्यात काम होतं. बॅटरी अर्ध्याच्या खाली असताना झपाझप भरते आणि ८० च्या पुढं फार हळू, म्हणून शेवटच्या दहा टक्क्यांसाठी ताटकळायचं नाही. नऊची रेघ नव्वदवर आहे ती त्यामुळंच.

एकदा मात्र पाऊण तास ठेवूनही चार टक्केच वाढले. मला वाटलं गेलं घड्याळ. उलटं करून खिडकीपाशी धरलं. पाठीवर चार्जरचे दोन ठिपके असतात, सोनेरी. त्यांच्यावर पिवळट करडी खपली बसली होती, सोयाबीनच्या शेंगांची लव आणि धूळ, घामात मळून वाळलेली. यार्डात हमालांच्या भुवयांवर दिवसाच्या शेवटी असते ना, तीच. बोटाच्या नखानं खरवडायची इच्छा झाली, पण नखानं मुलामा जाईल म्हणून धोतराचं जुनं मऊ फडकं किंचित ओलं करून हळूहळू पुसलं, मग कोरड्यानं. खपली निघाली तेव्हा खालची कातडीही मनगटावर लाल झालेली दिसली. तेव्हापासून रोज रात्री हात धुताना घड्याळाची पाठही पुसतो.

आणि ऊन. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या ऑफिसात दुपारी श्वास कोंडतो. तिथं चार्जिंग नाही, गाडीच्या काचेखाली तर कधीच नाही. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, आणि भरत असताना ती स्वतःही तापते. घरात देवघराच्या कोनाड्याशी सावली आणि गारवा असतो. घड्याळ तिथंच भरतं, ज्या जागी उभं राहून वडील एचएमटीला चावी द्यायचे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पंचवीस फेऱ्या पळून झाल्या. एक तास सोळा मिनिटं. नाडी सर्वांत वर गेली ती १४८, बाविसाव्या फेरीला, तेव्हा मी आपोआप पाऊल हळू केलं. संपलं तेव्हा घड्याळात २९ टक्के होते. तो भरतीचा पोरगा मैदानावर नव्हता, त्याची परीक्षा जवळ आली असेल. त्याला सांगायचं राहिलं.

घरी आलो तर आई ओट्यावर बसली होती. तिला घड्याळातलं काही कळत नाही, पण मी रोज येताना मनगटाकडं बघतो एवढं तिनं हेरलंय. चपला काढतोय तोवर तिनं नेहमीसारखं विचारलं, "किती उरलंय?"

"एकोणतीस."

तिनं मान डोलावली आणि भाकरी टाकायला आत गेली.